थंड पाण्यातलं प्रवाळ, ट्रॉलर आणि "पोटावर पाय" वाला प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा होता: प्रवाळ गरम पाण्यात, उन्हात वाढतं असं शाळेत शिकलो, मग नॉर्वेसारख्या ठिकाणी ते कुठून आलं? माशांना त्याचा खरंच काही उपयोग आहे का? आणि त्याच्यासाठी मासेमारी बंद करणं म्हणजे कोळ्यांच्या पोटावर पाय नाही का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा तर मी गावी गेलो की हमखास कोणीतरी विचारतंच. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरी नॉर्वेत, समुद्राचा तळ तपासणाऱ्या सर्व्हे बोटींवर. काम एकदम साधं वाटेल असं आहे, दोरखंडाला बांधलेला रोबो कॅमेरा खाली सोडायचा आणि वर अंधाऱ्या खोलीत बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये स्क्रीनसमोर बसून जे दिसेल ते नोंदवत राहायचं. चिखल, चिखल, दगड, चिखल, एखादा स्पंज, परत चिखल. कॉफीचे मग रिकामे होत राहतात. आणि मग एखाद्या रात्री तळावर पांढरे तुकडे दिसायला लागतात, आधी तुरळक, मग दाट, त्यांच्यात चपटे छोटे लॉबस्टर नांग्या उगारून बसलेले, आणि कॅमेरा थोडा वर उचलला की समोर एकदम फुललेली भिंत, पांढरी आणि नारिंगी, दिव्याचा उजेड जाईल तिथपर्यंत. सतरा वर्षं झाली, अजूनही तो क्षण आला की खोलीतले सगळे खुर्च्या पुढे ओढतात.

तर पहिला प्रश्न. शाळेत शिकवलं ते चूक नाही, अर्धं आहे. लक्षद्वीपला किंवा मालवणला जे प्रवाळ बघतो त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न बनवतं आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणून त्याला ऊन लागतं, उथळ स्वच्छ पाणी लागतं. थंड पाण्यातल्या प्रवाळाकडे हा भाडेकरूच नाही. ते स्वतःच्या हाताने पकडून खातं. त्याच्या सांगाड्याच्या प्रत्येक कपातून एक सेंटिमीटरभराचा जीव तोंड बाहेर काढून बसलेला असतो, प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक कवचधारी जीव, मेलेल्या-सडलेल्या गोष्टींचा भुगा, जे हाताला लागेल ते ओढून घेतो. म्हणजे त्याला ऊन नको, पण वाहतं पाणी पाहिजेच. पाणी थांबलं की जेवण थांबलं. म्हणून ही प्रवाळं उंचवट्यांवर, खिंडींत, खंडाच्या उताराच्या कडेला सापडतात, जिथे प्रवाह जोरात असतो.

नॉर्वेत रीफ, म्हणजे प्रवाळाची ती भिंत, बांधणारं मुख्य प्रवाळ म्हणजे लोफेलिया. शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये जनुकं तपासून त्याचं नाव डेस्मोफायलम पर्टुसम करून टाकलं पण बोटीवर अजून सगळे लोफेलियाच म्हणतात, मीही तेच म्हणणार. त्याला साधारण 4 ते 12 डिग्री पाणी लागतं, बहुतेक ठिकाणी ते 200 ते 1000 मीटर खोलीवर असतं. अपवाद ट्राँडहाइम शहराच्या फ्योर्डमधला (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत घुसलेली खोल खाडी), तिथे टाउत्रा नावाच्या बेटाजवळ ते 39 मीटरवर येतं, जगात सगळ्यात उथळ. आणि हा काही अलीकडचा शोध नाही बरं का. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला नाव दिलं होतं आणि ट्राँडहाइमचे बिशप गुन्नेरस यांनी 1768 मध्ये नॉर्वेच्या या प्रवाळांबद्दल लिहून ठेवलं आहे. बिशपला कुठून कळलं? कोळ्यांच्या गऱ्यांना अडकून वर आलेल्या फांद्यांवरून. हे लक्षात ठेवा, कारण या सगळ्या गोष्टीत कोळी पहिल्यापासून आहेत.

माझ्या टेबलावर मेलेल्या लोफेलियाचा एक तुकडा आहे, एका सर्व्हेत तळाचा नमुना घेताना वर आलेला. मुठीएवढा, दिसायला फांद्या-फांद्यांचा, हाताला एकदम कडक, पण दोन बोटांत धरून जरा जोर लावला की कटकन तुटतो. तुटताना आवाज कपबशी फुटल्यासारखा येतो. हा आवाज एकदा ऐकला की ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागे तळावरून ओढत नेलेल्या जाळ्याचं, गणित समजावून सांगावं लागत नाही.

आता ते वाढतं किती? फांदीचं टोक वर्षाला 4 ते 25 मिलीमीटर, म्हणजे चांगलं चाललं तरी वर्षाला बोटाच्या एका पेराएवढं. पण फांदी वाढणं आणि रीफ वाढणं यात फरक आहे. फांद्या वाढतात, खालच्या मरतात, त्यांना स्पंज पोखरतात, त्या कोसळतात, मध्ये गाळ भरतो, त्याच्यावर परत नवीन फांद्या. सगळ्या रीफचा मोठा भाग असा मेलेलाच असतो, जिवंत कातडं फक्त वरून. मध्य नॉर्वेच्या बाहेर सुला रीफ आहे, 13 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 30 मीटरपेक्षा उंच, आणि त्याच्या पोटातलं प्रवाळ आठ हजारांपेक्षा जास्त वर्षांचं निघालं आहे, म्हणजे हिमयुगाचा बर्फ मागे सरल्यावर जे बसलं ते बसलं. भागाकार करून बघा, उंची वर्षाला साडेतीन-चार मिलीमीटर. आणि तळावर ओढायचा ट्रॉल साधारण साडेतीन नॉटने चालतो, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर. आठ हजार वर्षांचं 13 किलोमीटर, दोन तासांत या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरा प्रश्न, उपयोग काय. इथे मी जरा जपून बोलणार आहे कारण पर्यावरणवाले पण कधीकधी जास्त ओढतात.

उत्तर-पूर्व अटलांटिकमधल्या लोफेलिया रीफवर 1300 च्या वर जातींचे जीव नोंदवले आहेत. त्यातले बहुतेक तुम्ही बाजारात बघणार नाही, किडे, गोगलगायी, स्पंज, जाळीदार हातांचे तारामासे. पण त्यातला एक किडा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. युनिस नावाचा, करंगळीएवढा जाड, लांब, प्रवाळाच्या फांद्यांमध्ये कागदासारखी नळी बांधून राहतो. प्रवाळ त्या नळीवर चुना चढवतं आणि ती पक्की होते. काचेच्या टाकीत ठेवून बघितलं तेव्हा हा किडा चक्क प्रवाळाचे सुटे तुकडे ओढून एकमेकांना लावताना दिसला, वर प्रवाळाच्या तोंडचा घासही पळवतो. म्हणजे गवंडी पण आणि चोर पण. मी कॅमेऱ्यात त्याचं डोकं फांद्यांमधून बाहेर आलेलं कित्येकदा बघितलं आहे, आणि दरवेळी दिवा जवळ गेला की आत.

आता मासे. रीफवर तीन मासे हमखास दिसतात. एक तांबडा, मोठ्या डोळ्यांचा, इंग्रजीत रेडफिश, नॉर्वेत उएर म्हणतात. दुसरा ब्रोस्मं, आणि तिसऱ्याचं इंग्रजी नाव मराठीत लिहायला अवघड आहे म्हणून नॉर्वेजियन नावच वापरतो, लांगं. बर्गनच्या सागरी संशोधन संस्थेच्या लोकांनी रीफवर आणि रीफच्या बाहेर सारख्याच गऱ्या टाकून बघितल्या, 2002 मध्ये ते छापून आलं. उएर सगळ्यात जास्त रीफवर मिळाला आणि आकारानेही मोठा होता. अंगात पिल्लं असलेल्या माद्याही रीफवर दिसल्या आहेत (हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडतो). आपल्याकडे कोणत्याही गरीवाल्याला हे सांगायची गरज नाही, हेकरू आणि तांबोशी खडपातच मिळतो हे लहान पोराला पण माहीत असतं. कारण तेच. आडोसा आहे, प्रवाहापासून आराम आहे, खायला समोरून वाहत येतं.

पण म्हणून रीफ गेलं तर उएर संपेल, असं म्हणता येतं का? नाही म्हणता येत. तो दगडांतही राहतो, मोकळ्या पाण्यातही फिरतो. त्याची नॉर्वेतली आजची वाईट अवस्था आहे ती मुख्यतः वर्षानुवर्षं जास्त पकडल्यामुळे, तो उशिरा वयात येतो आणि हळू वाढतो. जास्त मासा सापडतो याचा अर्थ त्याला ती जागा आवडते, तिच्याशिवाय तो मरेल असा नाही, आणि हा फरक न करता कोणी पोस्टर छापलं की मला त्रास होतो. काही ठिकाणी नातं जास्त घट्ट दिसतं. स्कॉटलंडच्या मिंगुले रीफवर काळ्या तोंडाच्या छोट्या शार्कची अंडी प्रवाळाच्या फांद्यांमध्ये सापडली आहेत, आणि कॅनडाकडे मऊ अंगाच्या, पिसासारख्या दिसणाऱ्या प्रवाळांमध्ये रेडफिशची अगदी बारीक पिल्लं लपलेली निघाली. म्हणजे पाळणाघर म्हणावं अशी उदाहरणं आहेत, पण ती त्या त्या जागेची आहेत, सरसकट नाहीत.

मला स्वतःला विचाराल तर रीफचा मोठा उपयोग मासा नाहीच. मोठा उपयोग म्हणजे ते अन्न अडवतं. खोल समुद्राचा तळ म्हणजे वरून पडलेल्या उरल्यासुरल्यावर चालणारं घर, आणि त्यात हे रीफ आणि त्याच्यावरचे स्पंज गाळणीसारखे उभे असतात, दिवसरात्र पाणी गाळत. मोजणी झाली आहे, रीफचा एक चौरस मीटर शेजारच्या चिखलापेक्षा कित्येक पट जास्त ऑक्सिजन वापरतो, म्हणजे तितकं जास्त अन्न तिथे जिरतं आणि परत फिरतं. मिंगुलेला तर भरती-ओहोटीचं पाणी कड्यावरून असं खाली कोसळतं की पृष्ठभागावरचं ताजं अन्न तासाभराच्या आत शंभरेक मीटर खाली रीफच्या तोंडात. रीफ तिथे आहे कारण तसा प्रवाह आहे, आणि रीफ जसजसं उंच होतं तसतसा प्रवाह अजून बदलतो, रीफला अजून खायला मिळतं. हे असं चक्र हजारो वर्षं फिरलं की 30 मीटरची भिंत होते. भिंत सपाट केली की नुसतं प्रवाळ मरत नाही, ती पाणी वळवणारी रचनाच जाते.

तर आता तिसरा, ज्याच्यासाठी तुम्ही खरं विचारलं. पोटावर पाय.

नॉर्वेत ही बंदी मागितली कोणी ते आधी ऐका. 1980 च्या दशकाच्या शेवटापर्यंत ट्रॉलर खडबडीत तळावर जायला घाबरायचे, जाळं फाटायचं. मग रॉकहॉपर आलं, म्हणजे जाळ्याच्या खालच्या दोरावर रबराच्या मोठमोठ्या चकत्या, दगडावरून उड्या मारत जाणाऱ्या. त्याच्यामुळे जिथे आधी फक्त गरीवाले आणि लावणीची (एका जागी लावून ठेवायची) जाळीवाले जायचे तिथे ट्रॉलर पोचले. आणि किनाऱ्यावरचे हे छोटे मच्छीमारच पहिले बोंबलायला लागले, की आमच्या ठरलेल्या जागांवर मासा लागत नाही, गरीला आता जिवंत प्रवाळ नाही, चुरा लागतो. त्यांचं म्हणणं असं पण होतं की काही ट्रॉलर मासेमारी सुरू करायच्या आधी साखळदंड आणि बोर्ड ओढून जागा साफ करून घेतात. बर्गनच्या शास्त्रज्ञांनी मग मच्छीमारांकडूनच जागा विचारून घेतल्या, कॅमेरे खाली सोडले, आणि त्यांचा अंदाज असा आला की नॉर्वेच्या पाण्यातल्या 30 ते 50 टक्के लोफेलियाला ट्रॉलचा मार लागलेला आहे.

तो मार कसा दिसतो ते सांगतो, कारण मी तो खूप बघितला आहे. आधी चिखलात दोन समांतर चर दिसतात, त्यांच्यात बरंच अंतर. हे जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन बोर्डांचे, मोठ्या ट्रॉलरवर हे बोर्ड काही टनांचे असतात. चर सरळ जात राहतात, कॅमेरा त्यांच्या मागे जातो, आणि मग चरांच्या मधली जमीन पांढरट होते. तुकडे. सगळे एकाच बाजूला लोटलेले, जसं झाडूने लोटतात. त्याच्यात अर्ध्या फांद्या, कुठे एखादा अजून जिवंत जीव तोंड उघडून, कुठे निळ्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. एकदा आमच्याबरोबर शिफ्टला एक नवीन मुलगी होती, तिने विचारलं हे काय आहे, कोणी उत्तर दिलं नाही, ती पुढचा अर्धा तास नुसती "तुकडे, तुकडे, तुकडे" नोंदवत होती.

या पुराव्यावर नॉर्वेने मार्च 1999 मध्ये नियम केला. एक, रीफ मुद्दाम मोडायचं नाही, कुठेच नाही, आणि माहीत असलेल्या रीफजवळ जपून जायचं. दोन, सुला रीफवर तळाला टेकणारं, ओढायचं कोणतंही जाळं बंद. 2000 मध्ये इव्हरिगेन नावाचा भाग. 2002 च्या मे महिन्यात लोफोतेनच्या टोकाला रोस्त बेटाच्या पश्चिमेला एक रीफ सापडलं, 300 ते 400 मीटर खोल, 35 किलोमीटरच्या आसपास लांब, आणि जवळजवळ अख्खं, कारण तिथला तळ इतका तुटलेला आणि उताराचा आहे की ट्रॉलर फिरकले नव्हते. 2003 च्या जानेवारीत ते बंद पण झालं. सापडल्यापासून आठ महिन्यांत. सरकारी कामाला एवढा वेग मी परत कधी बघितला नाही.

आता शब्द नीट बघा: बंदी आहे ती तळावर ओढायच्या जाळ्यावर. गरीवर नाही, लावणीच्या जाळ्यावर नाही. म्हणजे ज्यांनी बोंब मारली त्यांची मासेमारी चालू आहे. आपल्याकडे "मासेमारी बंदी" म्हटलं की डोळ्यासमोर 1 जून ते 31 जुलै येतं, सगळ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला, आणि तिथून हा गोंधळ होतो. पावसाळी बंदीचं गणित वेगळं आहे, मासा अंडी घालतो, दोन महिने सोडलं की पिल्लं वाढतात, ऑगस्टमध्ये जाळं टाकलं की फरक दिसतो. प्रवाळाला दोन महिने सोडलं काय आणि दोन वर्षं सोडलं काय, काही फरक नाही. त्याच्यासाठी वेळेची बंदी उपयोगाची नाही, जागेची पाहिजे, आणि एकदा लावली की कायमची.

गरीवाले अगदी धुतल्या तांदळाचे आहेत असं मात्र समजू नका. दोरी रीफमध्ये अडकते, ओढली की फांद्या मोडतात, तुटलेली जाळी खाली वर्षानुवर्षं मासे मारत राहतात. नॉर्वेचं मत्स्य खातं 1983 पासून अशी हरवलेली जाळी शोधून वर काढतंय आणि दरवर्षी निघतातच. पण एका दोरीने मोडलेली फांदी आणि ट्रॉलने लोटलेला पट्टा यांची तुलना करायची म्हणजे कुऱ्हाड आणि बुलडोझरची.

मग सगळ्यात महत्त्वाचं: बंद केल्यावर परत येतं का? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर स्कॉटलंडच्या वायव्येला आहे. डार्विन माउंड्स, 1000 मीटर खोल, वाळूचे शेकडो ढिगारे, उंचीला जास्तीत जास्त पाचेक मीटर, डोक्यावर लोफेलिया. नाव त्या सर्व्हे जहाजावरून पडलं, चार्ल्स डार्विन नावाचं जहाज होतं. 1998 मध्ये सापडले आणि लगेच लक्षात आलं की ट्रॉल आधीच फिरून गेलाय. युरोपियन युनियनने 2003 च्या ऑगस्टमध्ये तातडीची बंदी घातली, 2004 मध्ये कायमची. बंदी पाळली पण गेली, बोटींच्या उपग्रह ट्रॅकिंगवरून ते दिसतं. 2011 मध्ये परत कॅमेरे सोडले. पूर्वेकडचे ढिगारे, जिथे ट्रॉल कमी पोचला होता, तिथे जिवंत प्रवाळ टिकलेलं. पश्चिमेकडचे, जे जास्त रगडले गेले होते, तिथे आठ वर्षांनंतर सुधारणेचं जवळजवळ काहीच चिन्ह नाही. नवीन पिल्लं येऊन बसलेली नाहीत. लोफेलियाच्या अळ्या आठवड्यांमागून आठवडे पाण्यात तरंगू शकतात, लांब जाऊ शकतात, पण त्यांना बसायला कडक जागा पाहिजे आणि जिवंत राहायला प्रवाह, आणि चुरा झालेल्या जागेत वाळू हलत राहते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललं नाही: या प्रवाळासाठी बंदी ट्रॉलच्या आधी पोचली तरच ती बंदी. नंतर पोचली तर ती पाटी. रोस्त वाचलं कारण नियम आधी पोचला (आणि तळ वाकडा होता). डार्विनचा पश्चिम भाग आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही बहुधा तसाच दिसेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बाहेर ऑक्युलिना नावाच्या प्रवाळाचा पट्टा आहे, तितका थंड आणि खोल नाही, 70 ते 100 मीटर, पण त्याचीही हीच कथा. तिथे 1984 मध्ये ट्रॉलबंदी झाली, खोल प्रवाळासाठी जगातली पहिली म्हणतात. पण कागदावर. उपग्रह ट्रॅकिंग नव्हतं, कोलंबी पकडणारे ट्रॉलर रात्री घुसायचे, आणि नंतर सर्व्हे झाले तेव्हा सुमारे 90 टक्के चुरा. बोटींना ट्रॅकर लावणं तिथे बंदीच्या जवळजवळ वीस वर्षांनी सक्तीचं झालं.

खुल्या समुद्राचं काय, जिथे कोणत्याच देशाचं पाणी नाही? तिथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2006 च्या डिसेंबरमध्ये ठराव केला की अशा नाजूक जागा शोधा आणि जपा, नाहीतर तिथे तळाची मासेमारी करू देऊ नका. त्यातून एक नियम निघाला, जाळ्यात ठराविक वजनापेक्षा जास्त प्रवाळ आलं तर थांबा, कळवा आणि लांब जा. उत्तर-पूर्व अटलांटिकमध्ये तो आकडा 30 किलो जिवंत प्रवाळ किंवा 400 किलो स्पंज, आणि लांब म्हणजे दोन सागरी मैल. आधी हा आकडा 100 किलो होता, मग 60, मग 30.

ऐकायला चांगला आहे. पण आता ती कपबशी आठवा. प्रवाळ खाली फुटतं, तुकडे जाळ्याच्या मोठ्या डोळ्यांतून खालीच गळून जातात, वर डेकवर येतात ते चुकूनमाकून अडकलेले. जाळ्यात पाच किलो आलं म्हणजे खाली पाच किलोच मोडलं असं अजिबात नाही. शिवाय एक ओढ तीन-चार तासांची, वीस-पंचवीस किलोमीटर लांब, त्यात रीफ कुठे लागलं ते कप्तानाला कळत नाही, मग दोन मैल लांब जायचं ते कुठून? नवीन जागेला पण रीफ असेल तर? मी एका बैठकीत हे विचारलं होतं तर उत्तर आलं, काहीच नसण्यापेक्षा बरं. बरं आहेच. पण तो धूर दिसल्यावर वाजणारा भोंगा आहे.

त्यापेक्षा सरळ नियम मला आवडतात. भूमध्य समुद्रात 2005 पासून 1000 मीटरच्या खाली तळाचा ट्रॉल बंद. युरोपियन युनियनच्या अटलांटिक पाण्यात 2016 च्या कायद्याने 800 मीटरच्या खाली बंद. खोलीची रेघ, वाद नाही, ट्रॅकरवर लगेच दिसतं. तोटा एवढाच की लोफेलियाचा बराच भाग 800 च्या वर आहे, म्हणून 2022 मध्ये 400 ते 800 मीटरमधल्या 87 जागा वेगळ्या बंद कराव्या लागल्या आणि त्याच्यावरून स्पेनच्या मच्छीमारांनी केवढा गदारोळ केला. त्यांची एक तक्रार मला पटते, की गरीवाल्यांना पण त्यात बाहेर काढलं. नॉर्वेचा शहाणपणा तिथे दिसला नाही.

आणि हो, ट्रॉल हा एकच शत्रू नाही. समुद्र आम्लाकडे सरकतोय आणि या प्रवाळाचा सांगाडा ज्या प्रकारच्या चुन्याचा असतो तो लवकर विरघळतो. 2006 मधला एक अंदाज असा होता की या शतकाच्या शेवटी थंड पाण्यातल्या प्रवाळाच्या 70 टक्के जागा सांगाडा विरघळवणाऱ्या पाण्यात असतील. जिवंत भाग काही काळ तग धरेल पण खालचा मेलेला पाया उघडा असतो, तो आधी जाणार. हे नियमाने थांबत नाही. ट्रॉल थांबतो.

आपल्याकडचं कोणीतरी विचारणारच म्हणून: विजयदुर्गच्या समोर शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे ते यातलं नाही. तो बुडालेला पठारासारखा भाग वीसेक मीटरवर आहे, तिथे ऊन पोचतं, ते उन्हातलं प्रवाळ. खोल पाण्यातलं प्रवाळ भारताच्या समुद्रात आहे, अल्फ्रेड अल्कॉक नावाच्या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने इन्व्हेस्टिगेटर या सर्व्हे जहाजावर ते गोळा करून 1898 मध्ये त्याचं वर्णन केलं, नमुने कोलकात्याच्या म्युझियमसाठी. पण नॉर्वेसारख्या भिंतींची अपेक्षा अरबी समुद्रात धरू नका, कारण दीडशे मीटरपासून साधारण हजार मीटरपर्यंत तिथल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी, नेमका तोच पट्टा जो लोफेलियाला आवडतो. केरळच्या बाहेर मात्र 200 ते 400 मीटरवर खोल पाण्यातल्या कोलंबीसाठी ट्रॉल चालतो, तेव्हा "आपल्याकडे एवढं खोल कोण जातंय" हे म्हणायचे दिवस गेले.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी असताना शेजारच्या एका तांडेलकाकांना मी मोबाईलवर त्या चरांचा व्हिडिओ दाखवला होता, काही न सांगता. त्यांनी चष्मा वर केला, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाले, "बोर्डाचे वळ आहेत. वजनी बोट होती." मग पुढचा पांढरा चुरा आला तेव्हा गप्प झाले. मी सगळं सांगितलं, नॉर्वे, आठ हजार वर्षं, नियम. त्यांना त्या आठ हजार वर्षांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "ते गरीवाले, ज्यांनी तक्रार केली, त्यांना पुढं मासा लागला काय?" मी म्हटलं जिथे रीफ उरलं होतं तिथे अजून गऱ्या टाकतात, जिथे चुरा झाला तिथले लोक दुसरीकडे गेले. काकांनी मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "म्हणजे उशिरा ओरडले."